ठिपका केवढा आणि रंग कोणता?

(हीरक महोत्सवानिमित्त दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



चामराजपुरमच्या रस्त्यांवरून सकाळच्या वेळी चालणाऱ्याला दारोदारी ठिपके दिसतात. कन्नड घरापुढे ती रंगवल्ली असते, मराठी घरापुढे रांगोळी. नावे दोन असली तरी पद्धत एकच. आधी ठिपके मांडायचे, मग ते जोडायचे. या ठिपक्यांचे एक वैशिष्ट्य सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. ते सगळे एकाच आकाराचे आणि एकाच रंगाचे असतात. त्यांच्या ठायी महत्त्व असते ते फक्त जागेचे. एक ठिपका बोटभर सरकला की सारे कमळ बिघडते.

संख्याशास्त्रातील ठिपक्यांचा आलेखही याच न्यायाने सुरू होतो. आडव्या अक्षावर एक माप, उभ्या अक्षावर दुसरे माप आणि दोहोंच्या छेदावर एक ठिपका. मात्र हा ठिपका रांगोळीतल्या ठिपक्याहून अधिक बोलका होऊ शकतो. त्याला लहानमोठे करता येते, त्याला रंग देता येतो आणि अशा रीतीने कागदाच्या एकाच बिंदूवर दोनऐवजी चार गोष्टी सांगता येतात. आज संगणकावर चार ओळींच्या आज्ञावलीत हे काम होते. नववीतल्या विद्यार्थ्यालाही ते एका दुपारी शिकता येते. परंतु ते सोपे झाले म्हणून निरुपद्रवी झाले असे नव्हे. ठिपका केवढा काढावा आणि त्याला कोणता रंग द्यावा, हा वरकरणी सजावटीचा वाटणारा प्रश्न वस्तुतः सत्य सांगण्याचा प्रश्न आहे. हीरक महोत्सवी वर्षात मागे वळून पाहणाऱ्या कोणत्याही शाळेला तो टाळता येणार नाही.

प्रथम थोडा इतिहास. आकडे चित्राने सांगण्याची कल्पना फार जुनी नाही. विल्यम प्लेफेअर या स्कॉटिश गृहस्थाने १७८६ मध्ये व्यापाराच्या आकड्यांचे रेषालेख छापले आणि १८०१ च्या पुस्तकात देशांची क्षेत्रफळे वर्तुळांनी दाखवली. ज्याचा प्रदेश मोठा, त्याचे वर्तुळ मोठे. पुढे १९६७ मध्ये झाक बर्तॅं या फ्रेंच नकाशाकाराने चिन्हांचे जणू व्याकरणच लिहिले. चिन्हाची जागा सोडली तर त्याचा आकारमान, गडदपणा, पोत, रंग, दिशा आणि आकृती या गोष्टी अर्थ वाहू शकतात, असे त्याने दाखवले. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलंड आणि रॉबर्ट मॅकगिल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी माणसाचा डोळा यांपैकी काय अचूक वाचतो हे प्रयोगांनी तपासले. एका समान अक्षावरील स्थान डोळा सर्वांत नेमके वाचतो, त्याखालोखाल लांबी, क्षेत्रफळाचा अंदाज त्याहून बराच ढोबळ असतो, आणि रंगाच्या छटेवरून संख्या ओळखणे सर्वांत अवघड. म्हणूनच मुख्य गोष्ट नेहमी जागेने सांगावी, आकार आणि रंग यांच्याकडे दुय्यम गोष्टी सोपवाव्यात, हा या शास्त्रातील पहिला धडा होय.

हा धडा जगभर पोहोचवणारा मनुष्य काही काळ म्हैसूरपासून फार दूर नव्हता. हान्स रोसलिंग हे स्वीडनचे वैद्य. १९७२ मध्ये ते बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करण्यास आले होते. तेथील भारतीय सहाध्यायी आपल्यापेक्षा अधिक जाणतात, हे वर्गात बसल्यावर त्यांच्या लक्षात आले, आणि युरोपाबाहेरच्या जगाविषयीची त्यांची समजूत तेव्हापासून बदलू लागली, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले आहे. मुलगा आणि सून यांच्या साहाय्याने त्यांनी जो हलता आलेख तयार केला, तो २००६ च्या त्यांच्या व्याख्यानानंतर जगभर पाहिला गेला. आडव्या अक्षावर दरडोई उत्पन्न, उभ्या अक्षावर आयुर्मान, बुडबुड्याचा आकार म्हणजे देशाची लोकसंख्या आणि रंग म्हणजे जगाचा विभाग. भारत आणि चीनचे दोन मोठे बुडबुडे वर्षागणिक वर चढताना पाहून अनेकांचे डोळे उघडले. त्या आलेखात आकार काढून टाकला असता तर भारत आणि भूतान सारखेच दिसले असते; रंग काढून टाकला असता तर कोणता खंड कुठे चालला आहे हे कळले नसते.

आता आकार आणि रंग यांची निवड चुकली, किंवा दोहोंपैकी एकच निवडला, तर काय होते हे म्हैसूरकरांच्या स्वतःच्या आठवणीतून पाहावे. वर्ष २०२०. मार्चच्या अखेरीपासून टाळेबंदी होती. एप्रिलच्या अखेरीस केंद्र सरकारने देशातील ७३३ जिल्ह्यांची तीन रंगांत वाटणी केली. १३० जिल्हे लाल, २८४ नारिंगी, ३१९ हिरवे. ४ मेपासून पुढील दोन आठवडे कोणते दुकान उघडेल, बस धावेल की नाही, हे त्या रंगावर ठरणार होते. कर्नाटकातील ३० जिल्ह्यांपैकी ३ लाल ठरले: बेंगळुरू शहर, बेंगळुरू ग्रामीण आणि म्हैसूर. १३ जिल्हे नारिंगी होते. त्यांत बेळगाव आणि बिदर हे मराठी भाषकांची मोठी वस्ती असलेले जिल्हेही होते. शेजारचे कोडगू आणि चामराजनगर हिरवे. महाराष्ट्रात १४ लाल, १६ नारिंगी आणि ६ हिरवे. गोव्याचे दोन्ही जिल्हे हिरवे.

घरोघरी दूरचित्रवाणीवर आणि भ्रमणध्वनीवर ते रंगीत नकाशे पोहोचले. म्हैसुरातील घरांत काळजी पसरली आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे दूरध्वनी सुरू झाले, ते त्या एका लाल रंगामुळे. कारण मुंबईही लाल होती आणि म्हैसूरही लाल. वास्तविक त्या दिवसांत मुंबईतील एकूण रुग्णसंख्या सुमारे ७,००० होती आणि म्हैसूर जिल्ह्यातील नव्वदच्या आसपास. म्हणजे दोहोंत जवळजवळ ऐंशीपट अंतर. रंगाने ते अंतर पुसून टाकले. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की ती वर्गवारी केवळ रुग्णसंख्येवर केलेली नव्हती. रुग्ण किती दिवसांत दुप्पट होतात, चाचण्या किती होतात, पाहणीतून काय दिसते, याचाही तीत विचार होता. आणि प्रशासनाला 'हे चालू, हे बंद' एवढेच ठरवायचे असल्यामुळे तीन रंग त्याला पुरेसे होते. चूक नियमाची नव्हती, वाचनाची होती. नियम सांगण्यासाठी दिलेला रंग लोकांनी संकटाचे मोजमाप म्हणून वाचला.

नकाशाने आणखी एक भ्रम निर्माण केला. गडचिरोली जिल्ह्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, मुंबई शहर जिल्ह्याचे १५७. गडचिरोली हिरवा होता. नकाशावर तो हिरवा रंग मुंबईच्या लाल रंगाच्या नव्वदपटीहून अधिक जागा व्यापत होता. परंतु २०११ च्या जनगणनेनुसार गडचिरोलीत सुमारे १०.७ लाख माणसे राहतात आणि त्या चिमुकल्या मुंबई शहर जिल्ह्यात सुमारे ३०.९ लाख. नकाशातला रंग जमिनीवर पसरतो, माणसांवर नाही. रोग मात्र जमिनीला होत नाही.

यावर उपाय तोच, ठिपक्याचा. जिल्ह्याचा सारा प्रदेश रंगवण्याऐवजी त्याच्या मध्यावर एक ठिपका ठेवावा. ठिपक्याचा आकार रुग्णसंख्येने ठरवावा आणि रंग क्षेत्राच्या वर्गवारीने. मग म्हैसूर लालच दिसेल, पण लहान. मुंबईही लाल दिसेल, पण मोठी. नियमही कळेल आणि प्रमाणही कळेल. एकाच चिन्हावर दोन गोष्टी सांगण्याचे सामर्थ्य ते हेच.

हे प्रत्यक्षात कसे करतात? संख्याशास्त्रासाठी आज मुख्यतः दोन संगणकभाषा वापरल्या जातात, आणि दोन्ही विनामूल्य आहेत. पहिली 'आर'. न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातील रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन या दोघांनी ती १९९०च्या दशकात घडवली आणि दोघांच्या नावाच्या आद्याक्षरावरून तिला नाव मिळाले. तिच्यात हॅडली विकम यांनी तयार केलेला 'जीजीप्लॉट २' हा आलेखसंच वापरतात. दुसरी भाषा 'पायथन', आणि तिच्यातील 'मॅटप्लॉटलिब' हा संच. जॉन हंटर या मेंदूविज्ञानाच्या अभ्यासकाने अपस्माराच्या रुग्णांच्या मेंदूतील लहरी पाहण्यासाठी तो तयार केला आणि २००३ मध्ये सर्वांसाठी खुला केला. आज्ञा रोमन लिपीतच लिहाव्या लागतात. येथे त्यांचे उच्चार तेवढे दिले आहेत.

'जीजीप्लॉट'मध्ये तक्त्यातील स्तंभ आणि ठिपक्याचा गुण यांची सांगड घातली जाते. 'एईएस' नावाच्या कंसात लिहायचे: 'साइझ' बरोबर रुग्णसंख्येचा स्तंभ, 'कलर' बरोबर क्षेत्राचा स्तंभ. संगणक उरलेले काम करतो आणि शेजारी सूचीही काढून देतो. येथे नवशिक्याची एक ठरलेली चूक होते. सगळे ठिपके निळे हवे असतात आणि तो त्या कंसाच्या आतच 'कलर बरोबर निळा' असे लिहितो. संगणकाला वाटते, 'निळा' हे एका वर्गाचे नाव आहे. तो त्या वर्गाला आपल्या क्रमातला पहिला रंग देतो, जो लालसर असतो, आणि सूचीत त्या लालसर ठिपक्यापुढे 'निळा' असे लिहून मोकळा होतो! विद्यार्थी चक्रावतो. यातला बोध सरळ आहे. आकड्यांवर अवलंबून असलेली गोष्ट कंसाच्या आत लिहावी, सर्वांना सरसकट लागू असलेली गोष्ट बाहेर. काय माहितीतून आले आणि काय केवळ हौसेचे, हा भेद संगणक स्पष्टपणे मागतो. माणसांनीही तो स्वतःशी स्पष्ट ठेवला तर बिघडणार नाही.

आता आकाराचे गणित. सातवी-आठवीत वर्तुळाचे क्षेत्रफळ शिकवले जाते: त्रिज्येचा वर्ग गुणिले पाय. परीक्षा झाली की ते सूत्र विसरले जाते. आलेखात मात्र ते विसरून चालत नाही. मुंबईची संख्या म्हैसूरच्या ऐंशीपट आहे म्हणून कोणी त्रिज्याच ऐंशीपट केली, तर क्षेत्रफळ ८० गुणिले ८० म्हणजे ६,४०० पट होते. डोळा त्रिज्या पाहत नाही, डाग पाहतो. ऐंशीपट संकट सहा हजारपट दिसू लागते. योग्य रीत अशी की क्षेत्रफळ ऐंशीपट करावे, म्हणजे त्रिज्या ८० च्या वर्गमुळाइतकी, सुमारे नऊपट. वर्गमूळ कशासाठी शिकायचे, असे विचारणाऱ्या विद्यार्थ्याला हे एक प्रामाणिक उत्तर आहे.

दोन्ही संचांत याची सोय आहे, पण ती माहीत असावी लागते. 'मॅटप्लॉटलिब'च्या 'स्कॅटर' या आज्ञेत 'एस' हे अक्षर ठिपक्याचे क्षेत्र सांगते, बिंदूंच्या वर्गात. न सांगितल्यास ते ३६ असते, म्हणजे ठिपका ६ बिंदू रुंद. रुंदी दुप्पट हवी असेल तर ७२ लिहून भागत नाही, १४४ लिहावे लागते. त्याच संचातील 'प्लॉट' या दुसऱ्या आज्ञेत मात्र 'मार्करसाइझ' हा थेट रुंदीचा आकडा असतो. एकाच घरात दोन मापे नांदतात, हे ध्यानी ठेवावे.

'जीजीप्लॉट' आपण होऊन क्षेत्रफळानेच मोजतो, ही चांगली गोष्ट. पण त्यातही एक खोच आहे. तो तक्त्यातील सर्वांत लहान आकड्याला एक ठरावीक लहान ठिपका देतो आणि सर्वांत मोठ्याला एक ठरावीक मोठा. रुंदीत साधारण एकास सहा. आकडे ९० आणि ७,००० असोत किंवा ६,९०० आणि ७,००० असोत, लहानमोठ्या ठिपक्यांची जोडी तीच! दुसऱ्या उदाहरणात दोन जवळजवळ सारख्या गावांपैकी एक दुसऱ्यापुढे खुजे दिसेल. यावर 'स्केल_साइझ_एरिया' ही आज्ञा आहे. ती शून्याला शून्य आकार देते आणि बाकी सर्व आकडे खऱ्या प्रमाणात ठेवते. संख्येची बेरीज होत असेल, माणसे, रुग्ण, रुपये, तेथे हीच आज्ञा वापरावी.

मोठा ठिपका लहानाला झाकतो, ही पुढची अडचण. कर्नाटकातील जिल्ह्यांचे उदाहरण घ्यावे. २०११ च्या जनगणनेत बेंगळुरू शहर जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे ९६ लाख, बेळगावची ४८ लाख, म्हैसूरची ३० लाख आणि कोडगूची साडेपाच लाख. साक्षरता अनुक्रमे सुमारे ८८, ७३, ७३ आणि ८३ टक्के. उभ्या अक्षावर साक्षरता मांडली तर बेंगळुरू आणि कोडगू जवळ येतात आणि कोडगूचा छोटा ठिपका बेंगळुरूच्या मोठ्या डागाखाली दडण्याचा धोका असतो. संगणक ठिपके तक्त्याच्या क्रमाने काढतो. म्हणून तक्ता आधी उतरत्या क्रमाने लावावा: मोठा ठिपका प्रथम, लहान त्याच्यावर. शिवाय 'अल्फा' या गुणाने रंग थोडा पारदर्शक करावा, म्हणजे खालचाही दिसतो. थोरांनी मागे उभे राहावे आणि लहानांना पुढे करावे, ही शाळेच्या सामूहिक छायाचित्राची रीत येथेही उपयोगी पडते.

आता रंगाकडे वळावे. रंग निवडण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा: माहिती कोणत्या जातीची आहे? ती नुसती नावे असतील, उदाहरणार्थ मराठी, कन्नड, हिंदी, तर एकमेकांपासून वेगळे पण सारख्याच वजनाचे रंग हवेत. एक भडक आणि बाकीचे फिके केले तर विनाकारण एकाला मान मिळतो. माहिती चढती असेल, जसे साक्षरतेचे प्रमाण, तर एकच छटा फिकटाकडून गडदाकडे नेणे उत्तम. आणि मध्ये एखादी सीमारेषा असेल, जसे सरासरीहून वर आणि सरासरीहून खाली, तर मध्ये फिका आणि दोन्ही टोकांना दोन वेगळे गडद रंग. सिंथिया ब्रूअर या भूगोलाच्या अमेरिकी प्राध्यापिकेने अशा तपासलेल्या रंगमालिका तयार केल्या आहेत आणि त्या दोन्ही संगणकभाषांत तयार मिळतात.

पूर्वी 'मॅटप्लॉटलिब' आपण होऊन इंद्रधनुष्यी रंग देत असे. दिसायला मनोहर, पण फसवे. इंद्रधनुष्याच्या मध्यावर पिवळा रंग सर्वांत उजळ असतो, त्यामुळे मधल्याच आकड्यांकडे डोळा ओढला जातो आणि जेथे आकड्यांत कोणतीही उडी नाही तेथे काठ दिसू लागतो. २०१७ च्या आवृत्तीपासून त्याची जागा 'विरिडिस' या मालिकेने घेतली. जांभळ्यापासून निळ्या-हिरव्यातून पिवळ्याकडे जाणारी ही मालिका स्टेफान व्हान डर वॉल्ट आणि नॅथॅनियल स्मिथ यांनी तयार केली. आकडा जितका वाढतो तितकाच उजळपणा वाढतो, हा तिचा गुण. काळ्या-पांढऱ्या प्रतीतही तिचा क्रम टिकतो. ज्या शाळेत सूचनापत्रे आजही झेरॉक्सवर निघतात, त्या शाळेला या गुणाचे मोल सांगण्याची गरज नाही.

आणि आता सर्वांत महत्त्वाचे. लाल आणि हिरवा हे दोन रंग सर्वांनाच वेगळे दिसतात असे नाही. जॉन डाल्टन या विख्यात शास्त्रज्ञाने १७९४ मध्ये स्वतःच्याच दृष्टीतील हा दोष वर्णिला. युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे ८ टक्के लोकांना तो असतो. भारतीय पुरुषांत प्रमाण त्याहून कमी आढळले आहे, तरी तो दुर्मीळ खचित नाही. स्त्रियांत तो फारच थोड्यांना असतो, कारण तो आईकडून मुलाकडे येणारा वारसा आहे. रेल्वेच्या नोकरीसाठी गेलेल्यांना इशिहारांच्या ठिपक्यांच्या पुस्तिकेतून अंक वाचून दाखवावे लागतात, ते यासाठीच. चामराजपुरमच्या स्थानकावरून जाणाऱ्या गाडीच्या चालकाला लाल आणि हिरवा ओळखता आलाच पाहिजे. परंतु वर्गात बसलेल्या मुलाची अशी परीक्षा कोणीच घेत नाही. पुष्कळदा त्याला स्वतःलाही ठाऊक नसते. भिंतीवरच्या तक्त्यात उत्तीर्ण हिरव्याने आणि अनुत्तीर्ण लालने दाखवले, की त्याच्यापुढे दोन मातकट ठिपके उरतात. बाई विचारतात, "अरे, साधे लाल-हिरवे कळत नाही?" मुलगा खाली मान घालतो. दोष त्याच्या बुद्धीत नसतो, त्याच्या लक्षातही नसतो. दोष तक्ता करणाऱ्याच्या निवडीत असतो. पालकांनी आपल्या मुलाच्या चित्रातील तपकिरी झाडाला हसण्यापूर्वी एकदा नेत्रतज्ज्ञाकडे जावे, एवढे जरी या व्याख्यानातून साधले तरी ते सार्थकी लागेल.

उपाय अवघड नाही. जपानच्या मासाताका ओकाबे आणि केई इतो या दोन शास्त्रज्ञांनी रंगदोष असलेल्यांनाही वेगळे दिसतील असे आठ रंग निवडून दिले आहेत. 'आर' भाषेची जी आवृत्ती २०२० च्या एप्रिलमध्ये, म्हणजे ती लाल-हिरवी यादी निघण्याच्या काही दिवस आधी, प्रसिद्ध झाली, तीत ही आठ रंगांची मालिका अंगभूत आहे. दुसरा उपाय त्याहून सोपा. रंगाबरोबर आकृतीही बदलावी: एक वर्ग गोल, दुसरा त्रिकोण, तिसरा चौकोन. 'कलर'च्या जोडीला 'शेप' हा एक शब्द अधिक लिहावा लागतो. एका शब्दाने एक मूल वर्गात परत येते.

सूचीविषयीही एक सूचना. सूची आणि अक्षांची नावे मराठीत असावीत. त्यासाठी संगणकाला देवनागरी टंक नेमून द्यावा लागतो; नाहीतर 'मॅटप्लॉटलिब' अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन काढतो. टंक दिल्यावरही जोडाक्षरे आणि वेलांट्या जागेवर आहेत की नाहीत हे डोळ्यांनी तपासावे. ज्या आलेखाची नावे आजीला वाचता येत नाहीत, तो आलेख घरात पोहोचलाच नाही.

आता हे सारे शाळेच्या अंगणात आणून ठेवता येते. साठ वर्षांचे शालान्त निकाल हे कोणत्याही हीरक महोत्सवाचे भूषण असते. आडव्या अक्षावर साठ वर्षे, उभ्या अक्षावर निकालाची टक्केवारी, एवढाच आलेख काढला तर बहुधा तो वर चढताना दिसेल आणि सभागृहात टाळ्या वाजतील. पण परप्रांतातील मातृभाषेच्या शाळांची स्थिती जाणणाऱ्याने तेथेच थांबू नये. त्याने ठिपक्याला परीक्षेस बसलेल्या विद्यार्थ्यांच्या संख्येचा आकार द्यावा. एखाद्या वर्षी साठांपैकी ५१ उत्तीर्ण झाले तर निकाल ८५ टक्के. दुसऱ्या वर्षी सातांपैकी सात झाले तर १०० टक्के. टक्केवारीच्या नजरेत दुसरे वर्ष सरस. ठिपक्याच्या नजरेत ते पहिल्याच्या आठव्या हिश्शाहूनही लहान. निकाल चढत जावा आणि ठिपके लहान होत जावेत, हे चित्र जर एखाद्या शाळेच्या नोंदवहीतून उमटले, तर त्यावर टाळ्या वाजवायच्या की विचार करायचा, हे पालकांनी ठरवायचे आहे. कारण तो आकार शिक्षकांच्या हातात नसतो. तो आकार म्हणजे घरोघरी, जूनच्या आधी, जेवणाच्या पानावर घेतलेला निर्णय असतो.

रंगाचाही उपयोग तसाच करावा. मुलगे आणि मुली दोन रंगांत दाखवावेत, म्हणजे मुलींची संख्या कधी वाढली ते दिसेल. उत्तीर्ण-अनुत्तीर्ण मात्र रंगात दाखवू नये. ती माहिती उभ्या अक्षाने आधीच दिलेली असते, आणि मुलाच्या नावापुढे लाल ठिपका वर्षभर भिंतीवर राहू नये. अख्खा जिल्हा लाल झाल्याचे दुःख म्हैसूरकरांनी दोन आठवडे भोगले. ते मुलाला दहा वर्षे भोगायला लावण्याचे कारण नाही.

माजी विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण म्हैसूर आणि बेंगळुरूच्या संगणक कंपन्यांत आहेत. त्यांना येथे सांगितलेले तंत्र हातच्या मळासारखे आहे. त्यांनी एका शनिवारी येऊन नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसावे. जुन्या हजेरीपटांतील आकडे मुलांनी तक्त्यात उतरवावेत. वर्ष, संख्या, मुलगे, मुली, निकाल, एवढे पाच स्तंभ पुरेत. आज्ञावली माजी विद्यार्थ्यांनी शिकवावी. आकार प्रमाणात आहे ना, रंग सर्वांना दिसतो ना, सूची मराठीत आहे ना, हे तीन प्रश्न मुलांनी एकमेकांना विचारावेत. असा एक आलेख तयार होऊन सभागृहाच्या भिंतीवर लागला तर तो शेकडो शब्दांच्या अहवालाहून अधिक खरा ठरेल.

रांगोळीतला ठिपका दुसऱ्या दिवशी पुसला जातो; त्याला कोणी जाब विचारत नाही. आलेखातला ठिपका मात्र टिकतो. त्यामागे माणसे असतात: म्हैसूरचे नव्वद रुग्ण, कोडगूचे साडेपाच लाख रहिवासी, सातांच्या तुकडीतील सात मुले. त्यांना आहेत तेवढेच दाखवणे, न फुगवता आणि न झाकता, हे त्यांचे देणे आहे. पुढील पंधरा वर्षांनी अमृत महोत्सव साजरा होईल तेव्हा त्या वेळच्या मुलांनी हा आलेख पुढे वाढवावा, आणि नव्या ठिपक्यांचा आकार जुन्या ठिपक्यांहून लहान नसावा, हीच हीरक महोत्सवी वर्षातील शुभकामना.